परकी भाषा : बोलण्यासाठी की वाचण्यासाठी?

आपल्या मराठीत 'येणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. पोहायला येते, पेटी वाजवायला येते, स्वयंपाक येतो, तशीच भाषाही 'येते'. 'त्याला जर्मन येते हो!' असे आपण सहज म्हणून जातो. पण म्हणजे त्याला नेमके काय येते? तो जर्मन माणसाशी गप्पा मारू शकतो, की कोश हाताशी घेऊन जर्मन पुस्तक वाचू शकतो? या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या एकच आहेत असे धरून चालल्यामुळे कितीतरी हौशी माणसे चार-सहा महिने खपून, पदरचे पैसे खर्चून अखेर भाषेचा नाद सोडतात.

भंडारदऱ्याचेच उदाहरण घ्या. प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचे अमृतेश्वराचे देऊळ आणि जवळच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. पावसाळ्याच्या तोंडावर काजवे बघायला येथे माणसांची रीघ लागते, आणि त्यांत एखादा फ्रेंच किंवा जर्मन पाहुणाही असू शकतो. समजा, शेंडी गावातल्या एका मुलाला वाटाड्याचे काम करायचे आहे आणि त्यासाठी फ्रेंच शिकायचे आहे. त्याला काय हवे? 'येथे पाणी खोल आहे, उतरू नका', 'खडक निसरडा आहे', 'परतायला दोन तास लागतील' ही वाक्ये वेळेवर तोंडात यायला हवीत. आणि पाहुण्याने काही विचारले तर ते कानाला उमगायला हवे. फ्रेंच कादंबरी वाचता आली नाही म्हणून त्याचे काही अडत नाही. परंतु 'उतरू नका' हे वाक्य आठवायला त्याला अर्धा मिनिट लागले, तर तेवढ्यात पाहुणा पाण्यात गेलेला असेल!

आता त्याच तालुक्यात, अकोल्याला, एक निवृत्त संस्कृत शिक्षक आहेत असे समजा. जर्मन पंडितांनी वेदांवर काय लिहिले आहे ते मुळातून वाचावे, अशी त्यांची इच्छा. त्यांना कोणाशी बोलायचे नाही आणि घाईही नाही. एक पान वाचायला सकाळ गेली तरी चालेल. असे हे दोघे एकाच तऱ्हेच्या वर्गात, एकाच तऱ्हेचे पुस्तक घेऊन बसले, तर काय होईल? मुलगा विभक्तीच्या कोष्टकांना कंटाळेल, आणि गुरुजी उपाहारगृहात कॉफी कशी मागवावी याच्या संवादांना! दोघेही म्हणणार, 'भाषा काही आपल्या नशिबी नाही.' दोष नशिबाचा नाही. पहिल्या दिवशी उद्दिष्ट ठरवले नाही, याचा आहे.

बोलणे आणि वाचणे यांत एवढे अंतर का पडावे? वाचणाऱ्यापुढे शब्द छापलेला असतो; त्याला तो फक्त ओळखायचा असतो. बोलणाऱ्याला तो आपल्याच डोक्यातून, तोही क्षणार्धात, बाहेर काढावा लागतो. जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत. पण आपला सूर्य 'तो', तर जर्मन 'झोने' ही 'ती'. वाचकाला हे पाठ नसले तरी बिघडत नाही. शब्दाआधीचे 'डी' हे उपपद पानावर छापलेलेच असते. बोलणाऱ्याला मात्र तोंड उघडण्यापूर्वीच ते ठाऊक हवे. उलट, लांबलचक जर्मन वाक्यात शेवटी येणारे क्रियापद हुडकून काढण्याचा सराव वाचकाला लागतो. वाटाड्याचे काम चार-चार शब्दांच्या वाक्यांवर भागते. जपानीत हा फरक अधिकच डोळ्यांत भरतो. क्रियापद शेवटी, आणि आपल्या 'चा-ची-चे' सारखा 'नो' हा प्रत्यय नामाच्या मागून. त्यामुळे मराठी माणसाला जपानी वाक्याची ठेवण बोलताना फारशी परकी वाटत नाही. पण वाचायला बसावे, तर शेकडो कांजी चिन्हांचा डोंगर समोर उभा राहतो.

आपल्या थोर माणसांनी उद्दिष्टे कशी ठरवली, ते पाहणे उद्बोधक आहे. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा पुस्तकांवरून अभ्यास केला. त्या कोठडीत संभाषणाला जर्मन माणूस कोठून मिळणार? आणि त्यांना तो नकोच होता. ग्रंथ मुळातून वाचता यावेत एवढेच त्यांना हवे होते. बर्लिनच्या बाजारात भाव करता येईल की नाही, याची चिंता त्यांनी कशाला करावी?

सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण तर दोन्ही बाजूंचे आहे. हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना गोंडांच्या मुलखात काम करण्यासाठी ते गोंडी शिकले. ती भाषा लोकांच्या तोंडी. ती कानानेच शिकायला हवी. पुढे त्यांनी तिचे व्याकरणही लिहिले. फारसीचा त्यांचा उपयोग मात्र वेगळा. मोगलकालीन कागदपत्रे वाचून त्यांनी 'मोगल दरबारची बातमीपत्रे' मराठीत आणली. माणूस एकच, पण एका भाषेत कानाचे काम अधिक, तर दुसरीत डोळ्यांचे.

आणि ज्याला दोन्ही साधायचे आहे, त्याने फादर स्टीफन्सकडे पाहावे. हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. त्याला येथल्या लोकांशी बोलायचे होते, येथले ग्रंथ समजून घ्यायचे होते आणि लिहायचेही होते. त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले; म्हणजे येथे येऊन सदतीस वर्षे झाल्यावर! सर्व अंगांनी भाषा येऊ शकते, पण त्यासाठी आयुष्याचा मोठा वाटा द्यावा लागतो.

हल्ली परीक्षांनीही हा भेद मान्य केला आहे. युरोपच्या परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चौकटीत ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. त्यांत श्रवण, वाचन, संभाषण व लेखन यांची वर्णने वेगवेगळी दिली आहेत. बी-१ पायरीच्या गोएथे परीक्षेची चारही अंगे सुटी सुटी देता येतात. याउलट, जपानीच्या जे. एल. पी. टी. या परीक्षेत वाचन व श्रवण तपासतात. संभाषणाची परीक्षाच नाही. तेव्हा ते प्रमाणपत्र हाती असलेला मुलगा बोलताना अडखळला, तर नवल करू नये. जर्मनीत परिचारिका म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलीने तर हे नीट ध्यानात ठेवावे. रात्रपाळीला रुग्ण कण्हत काय सांगतो आहे, ते कानाला कळले पाहिजे. तेथे पुस्तकी जर्मन पुरत नाही.

मग उद्दिष्ट ठरवावे कसे? एका कागदावर चार प्रश्नांची उत्तरे लिहा. मला कोणाशी बोलायचे आहे, किंवा काय वाचायचे आहे? कोणत्या विषयावरचे? आठवड्याला मी किती तास देऊ शकतो? आणि साधले की नाही, हे कशावरून ठरवणार? 'मला फ्रेंच शिकायचे आहे' हे उद्दिष्ट नव्हे, ही इच्छा झाली. 'दिवाळीपर्यंत मी पाहुण्याला रतनगडाची वाट पाच मिनिटे, चुकतमाकत का होईना, फ्रेंचमध्ये सांगेन' हे उद्दिष्ट. 'होळीपर्यंत जर्मन वृत्तपत्रातली एक बातमी कोश घेऊन अर्ध्या तासात वाचीन' हेही उद्दिष्ट.

एकदा ते ठरले, की वेळेची वाटणी आपोआप होते. आठवड्याचे सात तास असतील आणि बोलणे साधायचे असेल, तर निदान चार-पाच तास कान आणि तोंड यांना द्या. ऐका, मोठ्याने म्हणा, कोणाशी तरी बोला. गावात जोडीदार नसेल, तर आता मोबाईलवरही मिळू शकतो. वाचन साधायचे असेल, तर वाटणी उलटी करा. मात्र दुसरी बाजू अगदी कोरडी ठेवू नका. वाचनाने बोलणाऱ्याचा शब्दसंग्रह वाढतो; आणि वाचणाऱ्याने सुरुवातीलाच उच्चार नीट ऐकले नाहीत, तर मनात बसलेले चुकीचे उच्चार पुढे काढता काढवत नाहीत.

दर तीन-चार महिन्यांनी तो कागद पुन्हा काढा. वाटाड्याला पुढे वाचावेसे वाटेल, गुरुजींना बोलावेसे वाटेल. मग खुशाल उद्दिष्ट बदला. पण तोवर, जे शिकायचे ठरवलेच नव्हते ते आले नाही म्हणून खंत करीत बसू नका. 'मला जर्मन वाचता येते, बोलता येत नाही' असे सांगण्यात कमीपणा कसला? ज्या कामासाठी भाषा हाती घेतली, ते काम झाले म्हणजे ती भाषा आली, असे खुशाल समजावे.