शाल-श्रीफळ नको, कागद द्या

६ जानेवारी उजाडला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या सभागृहांत शाली आणि नारळांची रास लागते. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले, म्हणून हा पत्रकार दिन. एखादा पुढारी येतो, लोकशाहीच्या चौथ्या स्तंभावर बोलतो, स्तंभाच्या खांद्यावर शाल टाकतो आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जातो.

राज्य शासनाचेही उत्कृष्ट पत्रकारितेचे पुरस्कार आहेत. जीवनगौरव लोकमान्य टिळकांच्या नावाने, राज्यस्तरीय मराठी पुरस्कार जांभेकरांच्या नावाने, आमच्या नागपूर विभागाचा ग. त्र्यं. माडखोलकरांच्या नावाने. या नावांशी आमचे वैर नाही. परंतु ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आम्ही विसरावे अशी अपेक्षा कुणी करू नये.

असो. नावांचा वाद आज घालायचा नाही. पुरस्कार नेमका कशाचा करायचा, हा आमचा प्रश्न आहे. त्यासाठी वाचकांना थोडे लंडनला यावे लागेल.

तिथे पॉल फूट नावाचे पत्रकार होऊन गेले. न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात सडणाऱ्यांच्या बाजूने त्यांनी वर्षानुवर्षे लेखणी झिजवली. २००४ साली ते वारले आणि पुढच्या वर्षीपासून त्यांच्या नावाने शोधपत्रकारितेचा पुरस्कार सुरू झाला. २०१८ चा पुरस्कार ‘द गार्डियन’च्या अमेलिया जेंटलमन यांना मिळाला. त्यांनी काय शोधले? १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांवरचे काळे कामकरी घेऊन इंग्लंडला लागले. त्यानंतर १९७३ पूर्वी आलेल्यांना तिथे राहण्याचा कायदेशीर हक्क होता. पण साठी ओलांडलेल्या या माणसांना सरकार अचानक विचारू लागले, तुम्ही इथे होता याचा पुरावा दाखवा. प्रत्येक वर्षाचा दाखवा. ज्या नोंदींतून आगमनाची तारीख सापडली असती, ती जहाजावरून उतरतानाची कार्डे सरकारच्याच गृहखात्याने २०१० साली नष्ट केली होती! कुणाची नोकरी गेली, कुणाचे औषधपाणी थांबले. संसदेत स्वयंपाक केलेल्या एका आजीला तर परत पाठवण्यासाठी कोठडीत डांबले. जेंटलमन यांनी महिनोन्‌महिने एकेकाची कहाणी छापली. एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधानांना माफी मागावी लागली आणि गृहमंत्री अंबर रड यांना खुर्ची सोडावी लागली.

हे वाचताना आम्हाला आमच्या उपविभागीय कार्यालयाचा व्हरांडा आठवला. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवायचा; पण जंगलात राहणाऱ्या आमच्या बौद्ध बांधवाने, किंवा आदिवासी नसलेल्या कुणीही, त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करायचे. आजोबा जंगलातून लाकूड वाहत होते. त्यांना पावती कोण देणार होते? कायद्याच्या नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. टेबलामागे बसलेल्या साहेबाला मात्र शिक्क्याचा कागद हवा असतो. कागद नाही, म्हणून जबरानजोत. जबरानजोत, म्हणून गुन्हेगार.

गडचिरोलीच्या एका तालुक्यातील आमच्या ओळखीच्या वार्ताहराने हेच लिहिले होते. स्वतःच्या पैशाचे पेट्रोल टाकून तो पाड्यांवर हिंडला, म्हाताऱ्यांशी बोलला, दावे फेटाळल्याच्या नोटिसा पाहिल्या. छापून काय आले? कोपऱ्यात चार ओळी. शेजारी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्धे पान जाहिरात. ती जाहिरातही त्यानेच आणली होती. “वकीलसाहेब, बातमीचे मला काही मिळत नाही. जाहिरातीचे कमिशन मिळते, त्यावर घर चालते,” तो म्हणाला. ज्याच्याविरुद्ध लिहायचे, त्याच्याच दारात जाहिरातीसाठी उभे राहायचे! जेंटलमनबाईंच्या पाठीशी पगार होता, संपादक होता, पाठपुराव्याला जागा होती. हे असल्यावर पुरस्कारापर्यंतचे काम उभे राहते.

आणि जो या व्यवस्थेबाहेर जाऊन लिहितो त्याचे काय होते? गडचिरोलीला लागून, इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा आहे. तिथला स्वतंत्र पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाला. रस्त्याच्या निकृष्ट कामाची बातमी त्याने बाहेर काढली होती. ३ जानेवारीला एका कंत्राटदाराच्या जागेतील शौचटाकीत त्याचे प्रेत सापडले. पोलिसांनी त्या कंत्राटदाराला अटक केली. तीन दिवसांनी इकडे नेहमीप्रमाणे पत्रकार दिन होता.

महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ साली कायदा मंजूर झाला. गुन्हा अजामीनपात्र आहे. पण संरक्षण कुणाला? पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी पद्धतीने माध्यमसंस्थेत नेमलेला आहे, त्याला. आमच्या मित्राकडे नेमणूकपत्र नाही, करार नाही, मानधनाची पावती नाही. उद्या त्याचे डोके फुटले तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील, हा पत्रकार कशावरून? जबरानजोतवाल्याची बातमी लिहिणारा स्वतःही जबरानजोतवालाच ठरला. आमच्या चळवळीच्या दैनिकांनीही, हे दैनिक धरून, आपल्या तालुका प्रतिनिधींना काय लिहून दिले आहे ते एकदा तपासावे. शासनाच्या पुरस्कार समितीने जिल्ह्यातून प्रवेशिका मागवताना वृत्तपत्राकडून वार्ताहराचे नेमणूकपत्र आणि मानधनाचा तपशील मागावा. तो नसेल तर त्या वृत्तपत्राला त्या वर्षी पुरस्कार नाही. एवढे केले तरी पुष्कळ मालकांना कागद काढावे लागतील.

यंदाच्या पत्रकार दिनी त्या मित्रालाही शाल मिळाली. आम्ही त्याच्यासाठी व्यवस्थापनाकडे नेमणूकपत्र मागणारा अर्ज टाईप करून ठेवला होता. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. “सही करतो, वकीलसाहेब, पण तेंदूपत्त्याचा हंगाम संपू द्या. तेवढ्या जाहिराती येऊ द्या,” म्हणाला.