ऑपरेशन झालं, पेशंट घरी आला. पण महिनाभर लक्ष हवंच!

टेंभुर्णी (ता. जाफराबाद) : सिझर, हर्निया किंवा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला पेशंट काही दिवसांत घरी येतो. पुढची सेवा घरच्यांनाच करावी लागते. नर्सिंगच्या विद्यार्थिनी सर्जरी वॉर्डात जे शिकतात, ते घरीही कामाला येतं.

वॉर्डात त्या पेशंटची नाडी, बीपी, ताप, श्वास वेळोवेळी तपासून लिहून ठेवतात. डॉक्टरांनी सांगितलं की दुखत असलं तरी पेशंटला धरून चालवतात. नुसतं पडून राहिलं तर पायात रक्ताची गाठ होऊ शकते, छातीत कफ साठतो. खोकताना पोटाच्या टाक्यांवर उशी धरायला लावतात, म्हणजे ताण कमी पडतो.

गावात मात्र 'डाळीने पू होतो' म्हणून वरण बंद करतात. खरं तर जखम भरायला प्रथिनं लागतातच. डॉक्टरांनी जेवण सुरू केलं की डाळ, दूध, अंडी द्यावीत. टाक्यांवर हळद, राख लावू नये. साबणाने हात धुतल्याशिवाय जखमेला हात लावू नये.

जखमेत जंतुसंसर्ग ३० दिवसांपर्यंत होऊ शकतो. पू, वाढती सूज, ताप दिसला तर दवाखाना गाठा. पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा.