संसदेचीं दोन सभागृहें व ‘वरिष्ठ’ हा शब्द

गेल्या पावसाळ्यांत आमचे एक संग्राहक स्नेही एका जुन्या संस्थानाच्या कागदांचा रुमाल घेऊन आमच्याकडे आले. रुमालांत संस्थानिकांच्या तनख्याविषयींचीं कांहीं पत्रें होतीं, आणि वरच्या चिठ्ठीवर त्यांनीं स्वहस्तें पुढील नोंद केली होती : ‘सन १९७० : वरिष्ठ सभागृहानें तनखे कायम ठेविले.’ अक्षर सुवाच्य, सालहि बरोबर. परंतु ‘वरिष्ठ’ हा शब्द व ‘कायम ठेविले’ हें विधान, दोन्ही सदोष आहेत. रुमालावरची चिठ्ठी पुढील संशोधकास मूळ कागदाइतकीच प्रमाण वाटूं लागते, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. यास्तव संसदेचीं दोन सभागृहें कशीं निवडलीं जातात व सत्ता आपसांत कशी वांटून घेतात, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम शब्द पाहूं. भारताच्या संविधानांत ‘वरिष्ठ’ व ‘कनिष्ठ’ अशीं सभागृहें कोठेंहि सांगितलेलीं नाहींत. अनुच्छेद ७९ अन्वयें राष्ट्रपति व दोन सभागृहें मिळून संसद होते, इतकेंच तेथें आहे. व्याकरणदृष्ट्या ‘वरिष्ठ’ हें ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण या विशेषणाचें अतिशयवाचक रूप होय. म्हणून व्युत्पत्तीवरच जावयाचें तर सर्वांत विस्तीर्ण मतदारवर्गाची लोकसभाच वरिष्ठ ठरेल. वयानें पाहिलें तर राज्यसभा ता. ३ एप्रिल १९५२ रोजीं व लोकसभा ता. १७ एप्रिल १९५२ रोजीं घटित झाली, आणि दोहोंची पहिली बैठक ता. १३ मे १९५२ या एकाच दिवशीं भरली. सारांश, भेद श्रेष्ठकनिष्ठतेचा नसून उत्पत्तीचा व अधिकारांचा आहे.

लोकसभेची उत्पत्ति सरळ आहे. आज तिच्या ५४३ जागा आहेत. पैकीं महाराष्ट्रास ४८ व गोव्यास २. प्रत्येक मतदारसंघांतून एकच सदस्य निवडला जातो व ज्यास सर्वाधिक मतें पडतात तो विजयी होतो. निम्म्याहून अधिक मतें मिळालींच पाहिजेत असा नियम नाहीं. मतदाराचें वय पूर्वीं २१ होतें, तें ६१ व्या घटनादुरुस्तीनें १९८९ पासून १८ झालें. मुदत पांच वर्षांची. परंतु लोकसभा त्यापूर्वींहि विसर्जित होऊं शकते.

राज्यसभा विसर्जित होत नाहीं. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनीं सुमारें एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. एकूण २४५ जागांपैकीं २३३ निर्वाचित असून १२ सदस्य वाङ्मय, शास्त्र, कला व समाजसेवा यांतील जाणकार म्हणून राष्ट्रपति नेमतात. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे कर्ते महामहोपाध्याय पां. वा. काणे हे याच मार्गानें १९५३ सालीं राज्यसभेंत गेले, याचें स्मरण आमच्या वाचकांस आनंददायक होईल. निर्वाचित सदस्यांस विधानसभांचे निवडून आलेले सदस्य पसंतीक्रम लिहून मत देतात.

या पद्धतींतील गणित उदाहरणानें स्पष्ट होईल. महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ सदस्य आहेत. सर्वांनीं मत दिलें व ६ जागा भरावयाच्या आहेत असें समजूं. प्रत्येक मतपत्रिकेचें मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,८००. यास जागांच्या संख्येंत एक मिळवून, म्हणजे ७ नें, भागावें. अपूर्णांक सोडून ४,११४ येतात, त्यांत १ मिळवावा. या ४,११५ ला विजयाचा कोटा म्हणतात. ४१ मतपत्रिकांचे ४,१०० होऊन १५ उणे पडतात. म्हणून पहिल्या पसंतीवरच विजयी व्हावयास ४२ मतपत्रिका लागतात. विजयी उमेदवाराचें अधिक मूल्य पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे वळतें. यामुळें विधानसभेंतील लहान पक्षासहि कांहीं वाव राहतो.

आतां सत्तेची वांटणी. साधें विधेयक दोन्ही सभागृहांनीं मंजूर करावें लागतें. आपल्या संग्रहांशीं प्रत्यक्ष संबंध असलेला १९७२ चा पुरावस्तु व कलानिधि अधिनियम अशाच रीतीनें झाला. पंचाहत्तर वर्षांहून कमी जुनें नाहीं असें ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित त्यानें ‘पुरावस्तु’ ठरतें. साध्या विधेयकावर दोन्ही सभागृहांचें मतैक्य न झाल्यास राष्ट्रपति संयुक्त बैठक बोलावूं शकतात. तेथें संख्याबळामुळें लोकसभेचें पारडें जड असतें. अशीं विधेयकें संयुक्त बैठकींत १९६१, १९७८ व २००२ या तीनच सालीं मंजूर झालीं आहेत. अर्थविधेयक मात्र लोकसभेंतच मांडावें लागतें. राज्यसभेनें तें चौदा दिवसांत परत करावयाचें असून तिच्या शिफारसी लोकसभेवर बंधनकारक नाहींत. मंत्रिमंडळहि केवळ लोकसभेसच जबाबदार असतें. उलट, राज्यसूचींतील विषयावर राष्ट्रहितार्थ संसदेनें कायदा करावा, किंवा नवी अखिल भारतीय सेवा स्थापावी, असा ठराव राज्यसभेनेंच दोन-तृतीयांश मतांनीं करावा लागतो.

घटनादुरुस्तींत मात्र दोघींचें बळ तंतोतंत समान आहे. तेथें प्रत्येक सभागृहांत एकूण सदस्यांचें बहुमत व हजर राहून मत देणाऱ्यांपैकीं दोन-तृतीयांश मतें अवश्य असतात, आणि संयुक्त बैठकीची वाटच नाहीं. तनखे बंद करणारें घटनादुरुस्ति-विधेयक ता. २ सप्टेंबर १९७० रोजीं लोकसभेनें मंजूर केलें. ता. ५ रोजीं राज्यसभेंत बाजूनें १४९ व विरुद्ध ७५ मतें पडलीं. २२४ चे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक-तृतीयांश. अर्थात् १५० मतें हवीं होतीं. एक मत कमी पडून विधेयक फेटाळलें गेलें.

दुसऱ्याच दिवशीं राष्ट्रपतींच्या आदेशानें संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यांत आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे प्रभृतींच्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयानें ता. १५ डिसेंबर १९७० रोजीं तो आदेश रद्द ठरविला. पुढें लोकसभा विसर्जित होऊन १९७१ सालीं नवी निवडून आली. दोन्ही सभागृहांनीं २६ वी घटनादुरुस्ति मंजूर केली, व ता. २८ डिसेंबर १९७१ पासून तनखे संपले. म्हणजे राज्यसभेनें तनखे कायम ठेविले नाहींत. एका दुरुस्तीस आवश्यक तें मताधिक्य तेथें मिळालें नाहीं, इतकेंच. तनखे तेव्हां टिकले ते न्यायालयाच्या निर्णयानें, आणि तेहि अल्पकाळ.

हें सर्व ऐकून आमच्या स्नेह्यांनीं नवी चिठ्ठी लिहिली : ‘ता. ५ सप्टेंबर १९७० : तनखे बंद करणारें विधेयक राज्यसभेंत एका मतानें फेटाळलें. ता. १५ डिसेंबर १९७० : मान्यता काढणारा आदेश न्यायालयाकडून रद्द. ता. २८ डिसेंबर १९७१ : २६ व्या घटनादुरुस्तीनें तनखे बंद.’ जुनी चिठ्ठी फाडूं नये असें आम्हीं सुचविलें; ती त्यांनीं तारीख घालून नव्या चिठ्ठीमागें टांचून ठेविली आहे.