परीक्षकांचे गुण आणि खेळणाऱ्यांचा कौल



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी रीत आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, पुढे हमालीवर आणि मग हमालांच्या संघटनेत वय घालविलेला माणूस. जे काही वाचले ते गोदामाच्या ओट्यावर, ट्रकची वाट पाहता पाहता. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण माझ्याकडून करू नये. मी आज एका आकड्याची हकिकत सांगणार आहे. आकडा व्हिडिओ गेमचा आहे, पोरांच्या खेळाचा आहे. पण त्या आकड्यावर काही माणसांची मजुरी ठरते, म्हणून तो माझ्याही विषयात येतो.

२०२० सालचा जून महिना. टाळेबंदीमुळे कॉलेजे बंद होती आणि नांदेडला शिकणारी मुले शिरड शहापूरला घरी आलेली होती. एका संध्याकाळी माझा पुतण्या आणि त्याचा मित्र आमच्या ओट्यावर हमरीतुमरीवर आले. 'द लास्ट ऑफ अस, भाग दुसरा' नावाचा अमेरिकन खेळ १९ जूनला बाहेर पडला होता. मित्र म्हणे, "परीक्षकांनी शंभरांत नव्वदांहून अधिक गुण दिलेत." पुतण्या म्हणे, "आणि लोकांनी दहांत चारसुद्धा दिले नाहीत. परीक्षक विकले गेलेत." मी विचारले, "बाबांनो, तुम्हा दोघांपैकी खेळला कोण?" दोघेही गप्प. ज्या यंत्रावर तो खेळ चालतो ते यंत्रच दोघांपाशी नव्हते. मग पुतण्या हळूच म्हणाला, "काका, मी मात्र शून्य देऊन टाकले."

मला हसू आले, पण प्रश्न डोक्यातून जाईना. एकाच वस्तूला एक सभा नव्वदांहून अधिक देते आणि दुसरी सभा चाळीसही देत नाही. यांत खरे कोण बोलते?

प्रथम हे आकडे तयार कसे होतात ते पाहू या. २००१ साली अमेरिकेत 'मेटाक्रिटिक' नावाची एक सेवा सुरू झाली. वेगवेगळ्या नियतकालिकांतील परीक्षकांनी एखाद्या खेळाला दिलेले गुण ती गोळा करते आणि त्यांची शंभरपैकी एक सरासरी काढते. पंचाहत्तर किंवा त्याहून अधिक गुण मिळाले तर हिरवा रंग, पन्नास ते चौऱ्याहत्तर असले तर पिवळा, आणि त्याखाली लाल. ही सरासरी साधी नसते. काही परीक्षकांच्या मताला अधिक वजन असते, काहींच्या मताला कमी. आणि कोणाला किती, ते ही संस्था सांगत नाही. याच्या शेजारीच खेळणाऱ्यांचा कौल दहापैकी गुणांत छापलेला असतो. तो कोणीही देऊ शकतो. खेळ विकत घेतल्याची पावती तेथे कोणी मागत नाही.

'स्टीम' नावाच्या मोठ्या दुकानाची रीत निराळी. तेथे खेळ ज्याच्या खात्यावर आहे त्यालाच मत देता येते, आणि प्रश्नही एकच असतो : हा खेळ तुम्ही दुसऱ्याला घ्यावयास सांगाल का? उत्तर होय किंवा नाही. शंभरांतले किती जण होय म्हणाले, तेवढाच आकडा छापला जातो.

येथे पहिली गफलत होते. समजा, शंभर माणसांनी एक खेळ खेळला आणि प्रत्येकाला तो दहांत सहा गुणांचा, म्हणजे ठीक, वेळ बरा जाईल असा वाटला. गुण विचारले तर सरासरी येईल साठ. परंतु "घ्यावयास सांगाल का?" असे विचारले तर शंभराचे शंभर होय म्हणतील आणि आकडा येईल शंभर टक्के. मत तेच, माणसे तीच. प्रश्न बदलला आणि आकडा चाळिसांनी वाढला. म्हणून परीक्षकांचे सत्तर आणि लोकांचे नव्वद टक्के शेजारी ठेवून कोणी वाद घालू लागले, तर आधी दोघांना एकच प्रश्न विचारला होता का, ते पाहावे.

दुसरी गफलत सरासरीची. पन्नास माणसांनी दहा गुण दिले आणि पन्नासांनी शून्य दिले, तर सरासरी पाच येते. पण तो खेळ पाच गुणांचा आहे असे त्या शंभरांत एकाचेही मत नसते. त्या जून महिन्यात असेच काहीसे झाले. खेळाची कथा एप्रिलमध्येच बाहेर फुटली होती आणि काहींचा राग तेव्हापासून साठलेला होता. जो खेळ पुरा करावयास वीस-पंचवीस तास लागतात, त्याला पहिल्याच दिवशी शून्ये पडू लागली. एकीकडे शून्ये, दुसरीकडे त्यांना उत्तर म्हणून दहा-दहा गुण. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला की, खेळ बाहेर पडल्यावर ३६ तास खेळणाऱ्यांची मते घ्यावयाची नाहीत. आधी खेळा, मग बोला, असा त्याचा अर्थ.

यात मला माझीच एक चूक आठवते. फार वर्षांपूर्वी एका बाजारात मजुरीच्या दराचा प्रश्न होता. सभेत पुढची माणसे अशा घोषणा देत होती की, छप्पर उडावे. मी समजलो, सगळे तयार आहेत, आणि संप पुकारला. तिसऱ्या दिवशी निम्मी माणसे कामावर. जे मागे भिंतीला टेकून गप्प उभे होते, त्यांना मी मोजलेच नव्हते. त्यांना दर वाढून नको होता असे नाही. पण घरात तीन दिवसांचे पीठ नव्हते. तेव्हापासून मी चिठ्ठी टाकून मत घेतो. खेळांचा कौलही सभेतील घोषणांसारखाच असतो. ज्याला फार आवडले तो बोलतो, ज्याला फार राग आला तो बोलतो. ज्याचा वेळ बरा गेला तो मुकाट्याने झोपावयास जातो.

मग परीक्षकच बरोबर, असे म्हणावे काय? तसेही नाही. आपल्या वसमतच्या बाजारातील हळदीचे बीट आपण सर्वांनी पाहिलेले आहे. खरेदीदार ढिगातले हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, ओल पाहतो आणि बोली करतो. त्याने हजारो ढीग पाहिलेले असतात. हा माल इतर मालांत कितवा, हे त्याला क्षणात कळते. पण ती हळद सहा महिने रोजच्या वरणात घालणारी बाई जे सांगेल ते त्याला ठाऊक नसते. खरेदीदाराला विचारलेला प्रश्न वेगळा, बाईला विचारलेला वेगळा. दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

परीक्षकाचेही असेच आहे. त्याला खेळ बहुधा विक्रीच्या आधी मिळतो, फुकट मिळतो, आणि ठराविक दिवसाच्या आत लिहून द्यावा लागतो. किमतीचा चटका त्याला लागत नाही. साठविलेल्या पैशांतून वर्षाकाठी एक खेळ घेणाऱ्या मुलाला तो लागतो. शिवाय परीक्षक एकदाच गुण देतो, आणि खेळ तर पुढे दुरुस्त होत राहतो.

कधी परीक्षकापुढे माल पुरता ठेवलाच जात नाही. डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 'सायबरपंक २०७७' बाहेर काढला. आधी परीक्षण करणाऱ्यांना संगणकावरची आवृत्ती दिली होती. तिला गुणही उत्तम मिळाले. लोकांच्या घरच्या जुन्या यंत्रांवरची आवृत्ती मात्र आधी कोणाला दाखविली नाही, आणि ती इतकी मोडकी निघाली की, आठवडाभरातच सोनी कंपनीने आपल्या दुकानातून खेळ काढून घेतला व पैसे परत देऊ केले. ढिगाच्या वर चांगली हळकुंडे रचावयाची आणि खाली भुसा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. तेथे खेळणाऱ्यांचा कौलच खरा ठरला.

आपल्या महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा कंपनीने 'राजी' हा खेळ केला. राजी नावाची मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला पळवून नेणारे असुर, आणि राजस्थानी वाड्यांची चित्रे. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडले नाही, आणि २०२० मध्ये खेळ बाहेर आला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्तम पहिल्या खेळांच्या यादीत त्याचे नाव होते. परीक्षकांनी चित्रे वाखाणली, पण खेळ आखूड आहे आणि कथा मध्येच तुटते म्हणून गुण सत्तरच्या आसपास ठेवले. शाळेत सत्तर म्हणजे पहिला वर्ग. खेळांच्या परीक्षणात मात्र सत्तर म्हणजे जेमतेम, कारण तेथील बहुतेक गुण सत्तर ते नव्वदच्या मध्येच फिरतात. उलट आपल्या कथांवरचा असा देखणा खेळ आपल्या माणसांनी केला, याचाच ज्याला आनंद झाला, त्याच्या कौलात तो आनंदही मोजला गेला. परीक्षकाला तो मोजण्याचे काम नव्हते.

आता मी माझ्या मुद्द्यावर येतो. एवढ्या गफलती असलेला हा आकडा लोक करमणुकीसाठी वापरतील तर वापरोत. पण त्यावर मजुरी बांधली जाते, तेव्हा काय होते?

२०१० साली अमेरिकेतील ऑब्सिडियन कंपनीने 'फॉलआऊट : न्यू व्हेगस' हा खेळ दुसऱ्या एका बड्या कंपनीसाठी करून दिला. विक्रीत वाटा नव्हता; ठराविक रक्कम होती. वर बोनस मिळणार होता, पण मेटाक्रिटिकवर पंच्याऐंशी गुण पडले तरच. गुण पडले चौऱ्याऐंशी. बोनस गेला. ही गोष्ट २०१२ साली त्या कंपनीच्याच एका प्रमुखाने उघड केली. खेळात सुरुवातीला दोष पुष्कळ होते, हे खरे, आणि परीक्षकांनी ते सांगितले यात त्यांचा अपराध नाही. पण पुढे दोष दुरुस्त झाले आणि आज स्टीमवर शंभरांतले नव्वदांहून अधिक खेळणारे त्याची शिफारस करतात. लोकांचा कौल बदलला. गेलेला बोनस परत आला नाही.

सायबरपंकच्या कारागिरांचाही बोनस परीक्षकांच्या गुणांवर बांधलेला होता. शेवटचे कित्येक आठवडे त्यांना सहा-सहा दिवस राबविले होते. खेळाचे हसे झाल्यावर व्यवस्थापनाने ती अट काढून टाकली आणि बोनस देण्याचे कबूल केले. अपुऱ्या मुदतीत माल बाहेर काढण्याचा निर्णय वरच्यांचा होता; त्याचे गुण खालच्यांच्या पगारातून कापणे बरे दिसले नसते. २०२३ मध्ये पोलंडच्या या धंद्यातील कामगारांनी आपली संघटनाही बांधली.

हमाल-मापाड्यांच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट पहिल्यापासून मागत आलो : ज्याचा माल, त्याला काटा दिसला पाहिजे, आणि ज्याची मजुरी काट्यावर ठरते, त्यालाही दिसला पाहिजे. मेटाक्रिटिकचा काटा पडद्याआड आहे. कोणत्या पारड्यात किती वजन, ते कारागिराला कळत नाही, आणि एका गुणासाठी त्याचा बोनस जातो.

खेळणाऱ्यांच्या कौलाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' या खेळाच्या मालकांनी, म्हणजे सोनीने, विकत घेऊन झालेल्या खेळावर एक अट लागू केली : आमच्याकडे आणखी एक खाते उघडा, तरच पुढे खेळा. कित्येक देशांत तर असे खाते उघडण्याची सोयच नव्हती. दोन-तीन दिवसांत दोन लाखांहून अधिक खेळणाऱ्यांनी स्टीमवर प्रतिकूल मते दिली आणि सोनीने अट मागे घेतली. ही मते खेळ वाईट आहे म्हणून दिलेली नव्हती; अनेकांना खेळ आवडतच होता. तो संप होता, आणि तो यशस्वी झाला. अशा वेळी आकडा खेळाची प्रत सांगत नाही, माणसांचे म्हणणे सांगतो. तो तसाच वाचावयास हवा.

पण राग आंधळाही असतो. २०१७ साली स्नॅपचॅट कंपनीवर चिडलेल्या आपल्या देशबांधवांनी केवळ नावाच्या साधर्म्यामुळे स्नॅपडील या भलत्याच कंपनीला एक-एक तारा देऊन खाली पाडले होते. शेजारच्याच्या दारावर दगड मारण्यातला हा प्रकार.

आपण म्हणाल, या परदेशी खेळांचे आम्हांला काय? पण तोच तारा आता आपल्याही दारात आला आहे. पार्सल आणून देणारा मुलगा, रिक्षावाला, घरी येऊन यंत्र दुरुस्त करणारा कारागीर, यांना आपण फोनवर तारे देतो. पाऊस होता, पत्ता चुकीचा होता, माल दुकानातूनच फुटका निघाला होता, यांपैकी काहीही ताऱ्यात दिसत नाही. मुलाला तीन तारे मिळतात आणि कधी त्याचे काम कमी होते. शून्य देणाऱ्या माझ्या पुतण्याला कोणाचे नुकसान करावयाचे नव्हते. त्याला फक्त आपले म्हणणे मांडावयाचे होते. आकड्यापलीकडे एक माणूस बसलेला आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून माझी विनंती एवढीच. कोणताही गुण, तारा किंवा टक्का समोर आला की, चार गोष्टी विचाराव्या. हा कोणी दिला? केव्हा दिला, वस्तू वापरून की वापरण्याआधी? त्याला नेमका काय प्रश्न विचारला होता? आणि यावर कोणाची भाकरी ठरते? परीक्षकाचे ऐकावे, कारण त्याने पुष्कळ पाहिलेले असते. खेळणाऱ्यांचेही ऐकावे, कारण खर्च आणि वेळ त्यांचा जातो. दोघांचे पटले नाही, तर कोणी विकले गेले असे लगेच म्हणू नये. दोघांनी लिहिलेले चार शब्द वाचावे. आकड्यात जे मावत नाही, ते बहुधा तेथे सापडते.

माझा पुतण्या आता पुण्यात नोकरी करतो. मागच्या दिवाळीत तो सांगत होता की, त्याच्या कामालाही दर तीन महिन्यांनी वरून गुण मिळतात, आणि ते कसे ठरतात ते कोणी सांगत नाही. मी त्याला म्हटले, "आता काटा दाखवा म्हणून विचार."