श्रमलेल्यांचा विसावा

नाताळ तोंडावर आला म्हणजे ख्रिस्ती कुटुंबांतून लगबग सुरू होते. घराची रंगसफेदी, करंज्या नि केक, मुलांचे नवे कपडे, गव्हाणीचा देखावा, दारावरची चांदणी, गीतमंडळाच्या तालमी या साऱ्यांत डिसेंबरचे दिवस कसे सरतात ते कळत नाही. मध्यरात्रीच्या उपासनेला बसलेल्या अनेकांच्या मुद्रेवर मग आनंदाबरोबर शीणही दिसतो. तो केवळ सणाच्या धावपळीचा नसतो. वर्षभराची नोकरी, प्रवास, कर्जाचे हप्ते, घरातील आजारपण, मुलांच्या भवितव्याची काळजी असे कितीतरी त्यात साठलेले असते. अंगाचा शीण झोपेने जातो. हा मात्र सकाळी आपल्याबरोबरच उठतो. अशा शिणलेल्या जिवाला नाताळ काय देतो, याचा विचार आज आम्ही करणार आहोत.

लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम राजवाड्यात गेली नाही, की मंदिरातील याजकांकडेही गेली नाही. बेथलेहेमजवळच्या रानात रात्री कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना ती मिळाली. आजच्या भाषेत बोलायचे तर ती रात्रपाळीची माणसे होती. त्यांनी बाळाचे दर्शन घेतले आणि ती आपल्या कामाकडेच परतली. त्यांची राखण सुटली नाही. मात्र परतताना ती देवाचे स्तवन करीत गेली. ख्रिस्ती विसाव्याचे मर्म या परतण्यातच आहे, असे आम्हांस वाटते.

जू आणि खांदा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशूने थकल्याभागल्यांना आपल्याजवळ बोलावून त्यांच्या जिवाला विसावा देण्याचे अभिवचन दिले आहे. पण त्याच दमात तो त्यांना आपले जू मानेवर घेण्यास सांगतो. विसावा हवा असलेल्याला जू कशासाठी? आपल्याकडील शेतकऱ्याला हे कोडे उलगडणे कठीण नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून निबर झालेले खांदे हळद-तुपाने चोळले जातात, आणि पोळ्याच्या दिवशी मानेवर जू चढत नाही. परंतु बैल सोलवटतो तो केवळ ओझ्याने नव्हे, तर बेढब जुवाने. येशू सुताराच्या घरात वाढला. तो नांगर आणि जू घडवीत असे, अशी नोंद दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर या लेखकाने केली आहे. खांदा पाहून जू घडविणाऱ्याचे हे बोल आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांचा अर्थ खुलतो. शिवाय जू एकट्याचे नसते. त्याला जोडीदार लागतो. आपल्या थकव्याचे एक मोठे कारण हे, की सारा भार एकट्यानेच ओढावयाचा आहे असे आपण धरून चालतो.

रमाबाईंची वाट

या विसाव्याची साक्ष महाराष्ट्राच्या इतिहासात शोधू गेल्यास पंडिता रमाबाईंचे चरित्र प्रथम डोळ्यांपुढे येते. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण वाटेवरच गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत आणि सारे कुटुंब त्यांच्याबरोबर पायी चाले. 1874च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत थोड्याच काळात आई, वडील आणि थोरली बहीण मृत्युमुखी पडली. उरलेली दोघे भावंडे उपाशीपोटी हजारो मैल चालली. 1878 साली कलकत्त्यास विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती बिपिन बिहारी मेधावी गेले. चोविसाव्या वर्षी पदरी तान्ही मनोरमा आणि पुढे अनोळखी वाट, अशी त्यांची स्थिती होती.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावर केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या मनाची तळमळ बाप्तिस्म्याने संपली, असे मात्र नाही. आपण धर्म स्वीकारला, पण प्रत्यक्ष ख्रिस्ताची भेट व्हावयाची राहून गेली होती, अशा आशयाची प्रांजळ कबुली त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात दिली आहे. ती भेट घडली सुमारे आठ वर्षांनी. विद्वत्तेने, व्रतांनी वा सत्कार्यांनी देवाजवळ स्वतःची योग्यता सिद्ध करण्याची धडपड तेव्हा थांबली. मूल आईच्या मांडीवर निजते ते काही कमावून नव्हे. तसे स्वीकारले जाणे त्यांना उमगले.

त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या काय? उलट त्यांचे खरे कष्ट पुढेच आहेत. 1889 साली मुंबईत स्थापिलेले शारदासदन त्यांनी पुण्यास आणले होते. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छापखाना असे उद्योग चालत. अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1921 साली मनोरमाही गेली, तरी हातचे काम सुटले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. लहानपणी जी पावले भुकेने थकली, तीच पावले उतारवयात दुसऱ्यांच्या भुकेसाठी चालली. फरक पडला तो चालण्यात नव्हे, अंतःकरणात.

भाकरी आणि झोप

कोणी म्हणेल, रमाबाई थोर होत्या. आम्हां सामान्यांचे काय? पवित्र शास्त्रात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. राणीच्या भयाने तो रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही की दोषही दिला नाही. आधी त्याला झोपू दिले. मग देवदूताने उठवून भाकरी आणि पाणी दिले. तो पुन्हा निजला, पुन्हा खाऊ घातले. मंद वाणीतले बोलणे त्यानंतर झाले. शरीराचा थकवा म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे यावरून कळते. जो फार खचला आहे त्याने झोप घ्यावी, वैद्याकडे जावे, जवळच्या माणसापाशी मन मोकळे करावे; हीदेखील देवाचीच भाकरी होय. स्वतः येशूही भर दुपारी विहिरीपाशी थकून बसला होता आणि वादळात होडीत निजला होता. जो स्वतः थकला, त्यालाच थकलेल्याची भाषा कळते.

शब्बाथाची आज्ञाही येथे आठवते. त्या दिवशीची विश्रांती केवळ धन्यासाठी नाही. चाकर, परका आणि गुरेढोरे यांनाही ती सांगितलेली आहे. तेव्हा या नाताळात आपल्या घरी कोण अजून उभेच आहे, हे पाहावे. पहाटेपासून चुलीपाशी असलेली माउली, भांडी घासणारी बाई, फाटकावर जागणारा रखवालदार यांना घटकाभर बसवून फराळाचे ताट आपण पुढे केले, तर सणाचा अर्थ साधला म्हणावयाचा.

बेथलेहेमच्या धर्मशाळेत त्या रात्री मरियेला जागा मिळाली नाही. दूरच्या प्रवासाने थकलेल्या त्या मातेने आपले बाळ गव्हाणीत निजविले. ज्याला जन्मतः टेकावयास जागा मिळाली नाही, तोच पुढे जगाचा विसावा झाला. मध्यरात्रीच्या घंटा वाजतील तेव्हा आपापले ओझे घेऊनच आपण त्या गव्हाणीपाशी जाऊ. ते सारे तेथेच उतरेल असे नाही. पण परतताना जुवाच्या दुसऱ्या बाजूस कोणी आहे, एवढे कळले तरी पाऊल हलके पडेल.