उन्हाळ्यात पाय सुजतात तेव्हा



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खत आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकी मात्र उसात राबणाऱ्या पायांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारणही तसेच घडले.

गेल्या मे महिन्यात आम्ही शिवरे गावच्या शिवारात प्लॉट पाहणीस गेलो होतो. एका सभासदांकडे सुरू उसाची मोठी बांधणी चालू होती आणि ते स्वतः बांधावर बसून होते. डावा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत टम्म सुजलेला. "उन्हानं झालंय साहेब. चार दिस तेल चोळतोय, उतरंल," असे म्हणाले. उजवा पाय मात्र ठणठणीत. आम्हांला शंका आली, म्हणून गाडीत घालून डॉक्टरांकडे नेले. पोटरीच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी निघाली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते, हे ऐकून घरची मंडळी गप्पच झाली. वेळेवर औषध मिळाले, आज ते पुन्हा दारे धरतात. उन्हाची सूज कोणती आणि आजाराची कोणती, हे प्रत्येकाला कळावे म्हणून हा लेख.

पाय का सुजतात?

विहिरीवरच्या मोटारीचा दाखला घेऊ. पायांकडे गेलेले रक्त पुन्हा वर हृदयाकडे चढवावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पंपासारखे रक्त वर ढकलतात. ते मागे येऊ नये म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात, आपल्या फूट व्हॉल्व्हसारख्या. आपण तासन्‌तास एका जागी उभे राहिलो किंवा ट्रॅक्टरवर पाय लोंबकळत बसलो, की हा पंप बंद पडतो. त्यात उन्हाळा. अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त पायांत साचते आणि त्यातले पाणी आजूबाजूला झिरपते. पाट तुंबला की बांधातून पाझर फुटतो, तसेच हे. रात्री आडवे झाल्यावर चढ राहत नाही, म्हणून सकाळी पाय हलके होतात. वयस्कर, वजनदार, गरोदर आणि पायाच्या शिरा फुगलेल्या माणसांना हा त्रास जास्त होतो.

सूज येऊ नये म्हणून

१. दारे धरताना एका जागी उभे राहू नका. दर अर्ध्या तासाने सरीच्या कडेने चार पावले चाला. बसून काम असेल तर टाचा वर-खाली करा, घोटे फिरवा.
२. जड काम सकाळी उरका. दुपारच्या उन्हात सावली धरा.
३. पाणी भरपूर प्या. "पाणी कमी प्यालं की सूज उतरते" हा गैरसमज आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानेच प्यावे.
४. मीठ अंगात पाणी धरून ठेवते. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, पुरे. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही त्यातच मोजा.
५. घट्ट पायताण, करकचून बांधलेले मोजे टाळा.

सूज आल्यास

आडवे होऊन पायांखाली वाकळीची घडी किंवा उशा द्या. पाय छातीपेक्षा उंच हवेत. पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा असे करा. गार पाण्यात पाय बुडवले तरी बरे वाटते. मधुमेह असणाऱ्यांनी पाय गरम पाण्यात घालू नयेत. त्यांना चटका कळत नाही आणि भाजून जखम होते. त्यांनी तळवेही रोज तपासावेत. रक्तदाबाच्या अमलोडिपिनसारख्या गोळ्यांनी आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही पाय सुजतात. पण रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

ही सूज उन्हाची नव्हे

- एकच पाय सुजला, पोटरी दुखते किंवा गरम लागते. असा पाय चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.
- पाय लाल झाला, ताप आला. पाचटाने कापल्याची किंवा काटा मोडल्याची जखम चिघळलेली असू शकते.
- सूज सकाळीही उतरत नाही, तोंड-डोळे सुजतात, लघवी कमी होते.
- धाप लागते, छातीत दुखते. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.
- गरोदर बाईचे हात-तोंड एकाएकी सुजले, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब वाढल्याची ही खूण असते, तासभरही थांबू नये.

ही शेवटची गोष्ट आपल्या फडात तोडणीला आलेल्या बायांनाही आवर्जून सांगा. गळीत लांबले की मार्च-एप्रिलच्या उन्हात त्या मोळ्या वाहतात आणि दुखणे अंगावर काढतात. त्यांना दवाखान्यात पोचवणे हे आपले सर्वांचेच काम आहे.

थोडक्यात एवढेच ध्यानात ठेवावे: दोन्ही पायांना संध्याकाळी येते आणि सकाळी उतरते, ती बहुधा उन्हाची सूज. बाकीची डॉक्टरांना दाखवावी. तांबेरा दिसला की आपण लगेच पान तोडून ऑफिसात घेऊन येता. पायाच्या बाबतीतही तेवढीच घाई करा, ही विनंती.

— ऊस विकास विभाग