चुकलेली उडी आणि दोषाचा निवाडा

प्रोग्रॅम भलत्याच पत्त्यावर उडी घेऊन कोसळला, आणि ऑब्जेक्ट फाइल उलगडून पाहता कॉल आज्ञेतील अंतराच्या जागी नुसती शून्ये आढळली, एवढ्यावरून कंपायलरचा अपराध सिद्ध झाला असे मानण्याची जी रीत पडली आहे, ती सर्वथा निराधार होय. दुसऱ्या फाइलीतील फंक्शन अखेरीस कोठे वसणार हे कंपायलरला ठाऊक असणे शक्यच नसते. म्हणून ती जागा रिकामी ठेवून शेजारी रिलोकेशनची नोंद केली जाते, की अमुक स्थानी, अमुक चिन्हापर्यंतचे अंतर, अमुक मिळवणी करून भरावे. ही नोंद हाच या प्रकरणातील अस्सल दस्तऐवज, आणि तो वाचल्यावाचून दिलेला कोणताही निवाडा ग्राह्य धरू नये.

६४-बिट लिनक्सवर, एक्स८६ प्रोसेसरसाठी, पाच बाइटांची कॉल आज्ञा ४००० या पत्त्यावर आणि फंक्शन ४१०० वर आहे असे समजू. प्रोसेसर अंतर मोजतो ते पुढील आज्ञेपासून, म्हणजे ४००५ पासून. तेव्हा योग्य आकडा ९५. लिंकर मात्र आकडा जेथे लिहावयाचा त्या ४००१ पासून मोजतो, म्हणून नोंदीत उणे चारची मिळवणी असावी लागते. अंतिम फाइलीत ९९ आढळले, तर ऑब्जडम्पला ‘डी’ व ‘आर’ हे दोन्ही पर्याय देऊन मूळ नोंद पाहावी: तेथे उणे चार असूनही ९९ आले असतील तर दोष लिंकरचा, तेथेच ते नसतील तर दोष कंपायलर किंवा असेंबलर यांच्याकडे जातो, कारण लिंकरने चुकीचा हुकूम इमानाने तामील केला एवढेच.

लिंकर केवळ तुकडे जोडतो, हाही भ्रमच. ३२-बिट आर्मवर बीएल आज्ञेची पोच दोन्ही दिशांना सुमारे ३२ मेगाबाइट; लक्ष्य त्यापलीकडे गेल्यास तो ‘व्हीनियर’ नावाचा लहानसा कोड स्वतः मध्ये घालतो, आणि असा फरक दोषाचा पुरावा ठरत नाही.

सर्वांत हट्टी समजूत ही, की ऑप्टिमायझेशन बंद करताच बिघाड नाहीसा झाला म्हणजे कंपायलरच दोषी. सी++ मध्ये मूल्य परत करणाऱ्या फंक्शनात ‘रिटर्न’ लिहावयाचे राहिले, तर ऑप्टिमायझेशन चालू असता कंपायलर परतीची आज्ञा गाळू शकतो आणि प्रवाह सरळ शेजारच्या फंक्शनात शिरतो. भाषेच्या नियमांनुसार त्याला ती मुभा आहे, आणि दुरुस्ती आपल्याच मजकुरात करावी लागते. जीसीसीचा ‘रिटर्न-टाइप’ इशारा ही उणीव संकलनाच्या वेळीच दाखवून देतो; तो कधीही बंद करू नये.